परदेशातला ट्रेडमार्क: अर्जावर मालक म्हणून नाव कोणाचं?

मागच्या अंकात ट्रेडमार्कवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज आले ते परदेशातल्या नोंदणीबद्दल. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. पत्रं लांबलचक होती, मुद्द्यापुरती छापलीत आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमचा मसाल्यांचा व्यवसाय आहे, घरातूनच सुरू केला होता, आता शेड टाकलीय. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणची असं सगळं करतो. भारतात ट्रेडमार्क रजिस्टर आहे. गेली काही वर्षं दुबईतला एक वितरक आमचा माल उचलतोय, करार वगैरे काही नाही, सगळं फोनवर आणि विश्वासावर. आता शारजातल्या दुसऱ्या एका दुकानदाराला माल द्यायचं ठरवलं तर हा म्हणतो, तुमच्या ब्रँडचं इकडचं रजिस्ट्रेशन माझ्या नावावर आहे, मला सोडून कोणाला माल दिलात तर कस्टममध्ये अडवीन. असं होऊ शकतं का? नाव आमचं, माल आमचा, मग तो मालक कसा? (वाचक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, होऊ शकतं, आणि आपल्याकडच्या छोट्या निर्यातदारांच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. ट्रेडमार्क हा देशापुरता हक्क आहे. भारतातलं सर्टिफिकेट भारताच्या हद्दीत चालतं, इथला सातबारा दाखवून दुबईतल्या जमिनीवर हक्क सांगता येत नाही तसंच. तुमची इथली नोंदणी वाया गेली असं मात्र नाही, पुढे पुरावा म्हणून तीच सगळ्यात आधी लागणार आहे, फक्त ती आपोआप तिकडे लागू होत नाही एवढंच.

आधी एक करा, त्याच्याकडे नक्की आहे काय ते बघा. 'रजिस्ट्रेशन माझ्या नावावर आहे' असं लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक असतं ट्रेड लायसन्सवरचं दुकानाचं किंवा कंपनीचं नाव, ते त्या त्या अमिरातीच्या लायसन्स खात्यात होतं आणि त्याने कोणी तुमच्या ब्रँडचा मालक होत नाही. दुसरा असतो खरा ट्रेडमार्क, तो युएईच्या अर्थव्यवस्था मंत्रालयात (मिनिस्ट्री ऑफ इकॉनॉमी) नोंदवला जातो आणि सगळ्या सातही अमिरातींना लागू होतो. त्याला म्हणा सर्टिफिकेटचा फोटो पाठव, आणि आला की त्यावर नंबर, तारीख, क्लास आणि मालकाचं नाव या चार गोष्टी बघा. क्लास महत्त्वाचा कारण जगभरात माल आणि सेवा मिळून ४५ क्लास आहेत, मसाले, मेतकूट, चटणी ३० मध्ये येतात पण लोणचं २९ मध्ये जातं, सरबत असेल तर ३२. त्याने फक्त ३० घेतला असेल तर लोणच्यासाठी तुमचा रस्ता कदाचित मोकळा असेल, वकिलाला विचारून घ्या. बऱ्याचदा तर असंही निघतं की नुसता अर्ज केलेला आहे, नोंदणी झालेलीच नाही. अर्ज प्रसिद्ध झाला की हरकत घ्यायला तिकडे ३० दिवस असतात, ती मुदत चालू असेल तर सगळ्यात स्वस्तात तिथेच काम होतं, म्हणून या फोटोसाठी आठवडा घालवू नका.

समजा नोंदणी खरंच त्याच्या नावावर निघाली. तरी खेळ संपलेला नाही. पॅरिस करार म्हणून १८८३ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे, युएईसुद्धा आहे. त्यात नेमकं तुमच्यासारख्या माणसांसाठीच एक कलम आहे: मालकाच्या एजंटने किंवा प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर मार्क नोंदवला तर मालक त्याला विरोध करू शकतो, नोंदणी रद्द करायला सांगू शकतो. म्हणजे तुम्हाला दाखवायचंय काय, तर नाव आधी तुमचं होतं, तो तुमचाच माल विकत होता, आणि नोंदणी करायला तुम्ही कधी हो म्हणाला नव्हता.

करार नाही म्हणून हात टेकू नका. एक्स्पोर्ट इन्व्हॉइस, शिपिंग बिल, आयईसी (आयात-निर्यात कोड), फूड लायसन्स, लेबल पहिल्यांदा छापलं त्या प्रेसचं बिल, बँकेत आलेले पैसे, आणि व्हॉट्सॅप. व्हॉट्सॅप तर सगळ्यात आधी. 'ताई या वेळी दोनशे पाकिटं जास्त पाठवा, तुमच्या मेतकुटाला इथे फार मागणी आहे' असा त्याचा एखादा मेसेज असेल तर तो एकच मेसेज सांगतो की मेतकूट कोणाचं आणि विकणारा कोण. सगळं चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा, फोन बदलताना हे जातं आणि मग रडायची वेळ येते. आणि आजपासून त्याच्याशी या विषयावर फोनवर बोलू नका, जे काय असेल ते लिहून.

आता वकील. इथला तुमचा ट्रेडमार्कवाला वकील कागदपत्रं लावून देईल, पण युएईत उभं राहायला तिथलाच नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट किंवा वकील लागतो. त्याला मुखत्यारपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी साधारणपणे इथे नोटरी आणि मग युएई कॉन्सुलेटचं अटेस्टेशन मागतात, त्यात वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी सुरू करा. मुखत्यारपत्र स्वतः वाचा, 'सर्व हक्क हस्तांतरित करण्याचा अधिकार' असलं काही त्यात असेल तर ते काढायला लावा, नोंदणी, हरकत आणि रद्द करण्यापुरतंच ठेवा. आणि कृपा करून त्या वितरकाने सुचवलेला वकील घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी त्याचा अशील आधीपासून दुसरा आहे.

माझं मत विचाराल तर कोर्टाची पहिली नोटीस जायच्या आधी एकदा त्याला वकिलामार्फत स्पष्ट पत्र जाऊ द्या की नोंदणी आमच्या नावावर करून दे, खर्च झाला असेल तर तो आम्ही देतो, आणि तू वितरक म्हणून हवं तर राहा. बरेच वितरक इथेच ऐकतात कारण माल बंद झाला तर नुसतं नाव घेऊन ते करणार काय. युएईत एका क्लासची सरकारी फीच अर्ज, प्रसिद्धी आणि नोंदणी मिळून साडेसहा हजार दिरहमच्या घरात जाते म्हणजे दीडेक लाख रुपये, तेवढे परत देऊन नाव सुटत असेल तर खटल्याच्या मानाने ते स्वस्तच. फक्त नुसत्या कागदावर सही घेऊन थांबू नका, हस्तांतरण मंत्रालयाच्या रजिस्टरवर चढलं पाहिजे, तोवर कस्टमच्या दृष्टीने मालक तोच. आणि त्याची कस्टमची धमकी पोकळ नाही, नोंदणी असलेला मालक दुबई कस्टममध्ये मार्क नोंदवून दुसऱ्याचा माल अडवायची मागणी करू शकतो. म्हणून शारजाची खेप हे मिटेपर्यंत थांबवा, नुकसान वाटेल पण पोर्टवर अडकलेल्या मालाचं भाडं त्याहून वाईट.

नव्या दुकानदाराशी मात्र दोन पानांचा का होईना करार करा: ब्रँड, लोगो, डोमेन, इन्स्टाचं पेज सगळं उत्पादकाचं, वितरक कुठेही काही स्वतःच्या नावावर नोंदवणार नाही, नोंदवलंच तर विनामोबदला करून देईल, करार संपला की नाव वापरणं बंद.

प्रश्न: माझे लाडू, चिवडा, चकल्या आता न्यू जर्सीत मुलगा विकतो, इथून पाठवतो आम्ही. पाकिटावर नाव माझंच आहे आणि फोटोही माझा आहे, नऊवारीतला. मुलगा म्हणतो आई मी ऑनलाइन स्वतःच ट्रेडमार्क टाकतो, माझ्याच नावावर टाकतो म्हणजे तुला त्रास नको, वकिलाला कशाला पैसे घालवायचे. करू दे का? (वाचक, नाशिक)

उत्तर: काकू, मुलाची तळमळ कळतेय पण असं करू देऊ नका. यात मुलावर विश्वास आहे का नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न अमेरिकेच्या कायद्याचा आहे. तिथे अर्ज ज्या दिवशी भरला त्या दिवशी अर्जदार जर मार्कचा खरा मालक नसेल तर तो अर्ज मुळातच बाद धरतात, नंतर नाव बदलून तो दुरुस्त करता येत नाही. फी गेली, तारीख गेली, आणि वाईट म्हणजे हे कधी उघडकीला येतं तर चार वर्षांनी कोणाशी भांडण झाल्यावर समोरचा वकील शोधून काढतो तेव्हा. लाडू तुम्ही करता, दर्जा तुम्ही ठरवता, इथली नोंदणी तुमची किंवा तुमच्या फर्मची. मग तिथेही मालक तुम्ही किंवा फर्म, आणि मुलाला लेखी लायसन्स. त्या लायसन्समध्ये मालाच्या दर्जावर तुमचं नियंत्रण राहील हे वाक्य असायलाच हवं. मुलाने तिथे एलएलसी काढलीय आणि पुढे सगळं त्यालाच द्यायचंय असं तुमच्या मनात असेल तर आधी अमेरिकेपुरते हक्क त्याच्या कंपनीला लेखी देऊन टाका आणि मग कंपनीने अर्ज करावा. क्रम उलटा झाला की घोळ.

दुसरं, मुलगा स्वतः भरू शकतो का. अर्जदार अमेरिकेत राहणारा असेल तर वकिलाशिवाय चालतं. पण मालक तुम्ही, राहता नाशिकला, आणि ३ ऑगस्ट २०१९ पासून यूएसपीटीओचा, म्हणजे अमेरिकेच्या ट्रेडमार्क ऑफिसचा, नियम आहे की परदेशात राहणाऱ्या अर्जदाराला अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या संस्थेत, नाव असलेला वकील लागतोच. या नियमामुळे स्वस्तात अर्ज भरून देणाऱ्या वेबसाइट सुटल्यात, त्यातल्या काही कोणा वकिलाचं नाव वापरतात आणि त्या वकिलाने तुमचा अर्ज उघडूनही पाहिलेला नसतो. असं सापडलं की यूएसपीटीओ कारवाई करतं आणि त्यात अर्जदाराचा अर्जही जातो. म्हणून पैसे द्यायच्या आधी वकिलाचं पूर्ण नाव आणि राज्य विचारा, त्या राज्याच्या बारच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, फुकट दिसतं, आणि एकदा व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. बोलायलाच तयार नसेल तर तिथेच थांबा.

वकिलाला काय विचारायचं तेही सांगते. सरकारी फी आणि त्याची फी वेगळी लिहून द्या म्हणायचं, जानेवारी २०२५ पासून सरकारी फी एका क्लासला ३५० डॉलर आहे, आणि मालाचं वर्णन त्यांच्या तयार यादीतून न घेता स्वतःच्या शब्दांत लिहिलं की २०० डॉलर वर पडतात, त्यामुळे चकलीचं वर्णन आधी यादीत कुठे बसतं ते बघू दे. यूएसपीटीओकडून हरकतीचं पत्र आलं तर उत्तराचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का वेगळे, हे तर नक्की विचारा कारण खरा खर्च तिथे होतो. आणि अर्जात मालकाचा स्वतःचा ईमेल द्यावा लागतो, तिथे तुमचा द्या, मुलाचा नको, वकिलाचा तर नकोच.

आता तुमचं नाव आणि फोटो. जिवंत व्यक्तीचं नाव किंवा चेहरा मार्कमध्ये असेल तर तिची लेखी संमती अमेरिकेत लागते, म्हणजे तुमचीच सही, सोपं आहे, पण विसरतात आणि मग हरकत येते. मार्कमध्ये नुसतं आडनाव असेल तर जास्त अवघड आहे, आडनाव म्हणूनच ओळखला जाणारा शब्द ते सहजासहजी नोंदवत नाहीत, काही वर्षं वापरून नाव झालंय हे दाखवावं लागतं. फोटो आणि नाव मिळून एक लोगो म्हणून टाकलं तर तुलनेने बरं. देवनागरीतलं नाव असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थ इंग्रजीत द्यावा लागतो, आणि 'गोड लाडू' असलं नुसतं वर्णन करणारं नाव असेल तर मराठीत लिहिलंय म्हणून सुटका नाही, अर्थ बघूनच नाकारतात.

वापराचा पुरावा म्हणून जे पाकीट खरंच तिकडे विकलं जातंय त्याचा फोटो द्या, किंवा विकत घ्यायचं बटण दिसणारं वेबपेज, त्यावर पत्ता आणि तारीख हवी. कॉम्प्युटरवर बनवलेलं खोटं पाकीट चालत नाही आणि ते त्यांना ओळखू येतं.

प्रश्न: आमचं हॉटेल गेली तीन दशकं इथे प्रसिद्ध आहे, पुणे-मुंबईत कोणालाही विचारा. अमेरिका-कॅनडात शाखा काढायचा विचार आहे पण अजून तीन-चार वर्षं तरी जमणार नाही. इतक्या नावाजलेल्या ब्रँडचं नाव तिकडे दुसरा कोण घेऊ शकेल? का आत्ताच नोंदणी करून ठेवू? (हॉटेल व्यावसायिक, पुणे)

उत्तर: घेऊ शकतो, आणि तुमच्याहून कितीतरी मोठ्या नावांच्या बाबतीत झालंय. थम्स अप आणि लिम्का ही नावं कोकाकोलाने भारतात १९९३ मध्ये पारलेकडून घेतली हे आपल्याला माहितेय. अमेरिकेत मात्र भारतीय दुकानांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीने त्याच नावांनी पेयं विकायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये दोन्ही नावं स्वतःच्या नावावर नोंदवली. कोकाकोला भांडली, ट्रेडमार्क बोर्डाने २०२१ मध्ये नोंदणी रद्दही केली, पण २०२२ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने तो निकाल फिरवला. कारण काय तर भारतात नाव कितीही मोठं असलं तरी अमेरिकेत तुमची विक्री बुडाली किंवा तिथल्या ग्राहकांत तुमचं नाव खराब झालं हे दाखवा, आणि ते दाखवता आलं नाही. एवढी मोठी कंपनी, एवढे वकील, आणि तरी.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आत्ताच करून ठेवू का, याला दिल्लीच्या बुखारा या रेस्टॉरंटची केस जास्त लागू आहे. त्याची मालक कंपनी आयटीसीने न्यूयॉर्कमध्ये १९८६ ला बुखारा काढलं, शिकागोलाही काढलं, अमेरिकेत नोंदणीही केली. न्यूयॉर्कचं १९९१ ला बंद झालं, शिकागोचं १९९७ मध्ये. १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये बुखारा ग्रिल निघालं, त्यात आधी मूळ बुखारात काम केलेली माणसंही होती. आयटीसी कोर्टात गेली आणि २००७ मध्ये तिथल्या अपील कोर्टात हरली, कारण तीन वर्षं वापर नसला की मार्क सोडून दिला असं अमेरिकेत गृहीत धरतात आणि तो समज आयटीसीला खोडून काढता आला नाही. दिल्लीतलं बुखारा तेव्हाही चालू होतं आणि जगप्रसिद्ध होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणजे नोंदणी करून कपाटात ठेवता येत नाही. अमेरिकेत वापर करायचा इरादा आहे म्हणून आत्ता अर्ज करता येतो, पण अशा इराद्याच्या अर्जावर नोंदणी मिळायला वापर दाखवावा लागतो आणि मुदतवाढी घेऊनही ते अनंत काळ लांबवता येत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षाच्या मधे वापर चालू असल्याचं प्रतिज्ञापत्र पुन्हा द्यावं लागतं, नाही दिलं तर नोंदणी जाते. तीन-चार वर्षं हॉटेल निघणार नसेल तर दुसरा मार्ग बघा. तुमचे मसाले किंवा चटण्या तिकडच्या भारतीय दुकानांतून खरंच विकायला लागा, थोड्या प्रमाणात पण सलग, आणि त्या क्लासमध्ये नोंदणी घ्या. हॉटेलचा क्लास ४३, मसाल्याचा ३०, एक दुसऱ्याची जागा पूर्ण भरून काढत नाही, पण जवळच्या धंद्यात तेच नाव घेऊन येणाऱ्याला अडवायला पाया मिळतो. फक्त नोंदणीसाठी म्हणून चार पाकिटं मित्राला विकली असली नाटकं करू नका, तो वापर धरत नाहीत.

प्रश्न: मॅड्रिड पद्धतीने एकाच अर्जात सगळं जग होतं असं एका एजंटने सांगितलं आणि मोठी रक्कम मागितली. खरंय का? (लघुउद्योजक, इचलकरंजी)

उत्तर: अर्धं खरं. मॅड्रिड प्रोटोकॉलमध्ये भारत ८ जुलै २०१३ ला आला. इथल्या तुमच्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारावर, भारताच्याच ट्रेडमार्क ऑफिसमार्फत जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एक अर्ज जातो आणि त्यात तुम्ही देश निवडता. सव्वाशेहून जास्त देश त्यात आहेत, कॅनडा २०१९ मध्ये आला, युएई २०२१ च्या शेवटी, कतार २०२४ मध्ये. पण अर्ज एक असला तरी निर्णय प्रत्येक देश आपापला घेतो आणि फीही प्रत्येक देशाची वेगळी जोडली जाते. एजंटला वेगवेगळं लिहून मागा: इथली हाताळणी फी ५,००० रुपये, वायपोची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, लोगो रंगीत दिला तर ९०३, मग प्रत्येक देशाची फी, आणि शेवटी त्याची स्वतःची. आकडे असे सुटे झाले की कोण किती घेतोय ते लगेच दिसतं. रंग हा तुमच्या ओळखीचा भाग नसेल तर काळापांढरा द्या, अट एकच, इथल्या अर्जातला मार्कही तसाच हवा. अर्जदार, मार्क आणि माल हे तिन्ही इथल्या अर्जाशी जुळावे लागतात.

एकच देश असेल तर मी थेट त्या देशात अर्ज करा म्हणेन. तीन-चारपेक्षा जास्त देश असतील तर मॅड्रिड परवडतं. युरोपियन युनियनचं वेगळं गणित आहे, स्पेनमधल्या अलिकांतेच्या ऑफिसात एका क्लासला ८५० युरो भरून २७ देश होतात.

मॅड्रिडमधली मोठी गोम कोणी सांगत नाही ती म्हणजे पहिली पाच वर्षं सगळा डोलारा इथल्या अर्जावर उभा असतो. पाच वर्षांत इथला अर्ज नाकारला गेला, किंवा त्या मुदतीत सुरू झालेल्या हरकतीत तुम्ही हरलात, तर बाहेरचे सगळे देश एकदम जातात. मग तीन महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून जुनी तारीख वाचवता येते, पण फी पुन्हा भरावी लागते. आपल्याकडे हरकतीची प्रकरणं किती वर्षं रेंगाळतात हे तुम्हाला माहितेय, त्यामुळे इथे कोणाची हरकत चालू असेल किंवा येईल असं वाटत असेल तर मॅड्रिडच्या वाटेला जाऊ नका. आणि इथे नवीन अर्ज केलाय तर सहा महिन्यांच्या आत बाहेर केलेल्या अर्जाला इथलीच तारीख मिळते, पॅरिस कराराची ही सवलत आहे, एजंटला ती मागायला सांगा.

वकील लागत नाही असंही एजंट म्हणाला असेल. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी लागत नाही हे बरोबर, पण एखाद्या देशाने तात्पुरता नकार पाठवला की उत्तर द्यायला तिथला वकील लागतो आणि मुदत मोजकीच असते. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा.

प्रश्न: आम्ही आंब्याचा पल्प लंडनला पाठवतो. 'हापूस' हा शब्द यूकेत आमच्या नावावर ट्रेडमार्क करता येईल का? (बागायतदार, देवगड)

उत्तर: दादा, नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नये. हापूस हे जातीचं नाव आहे, भारतात २०१८ पासून त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या सगळ्या बागायतदारांचं ते आहे. उद्या तुमच्याऐवजी लंडनच्या कोणी व्यापाऱ्याने तो शब्द घेतला तर तुम्हाला कसं वाटेल तोच विचार करा. तुमच्या बागेचं किंवा फर्मचं वेगळं नाव मोठ्या अक्षरात ठेवा आणि ते नोंदवा. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून युरोपचा मार्क यूकेत चालत नाही, यूकेचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि पत्रव्यवहाराला तिथला पत्ता लागतो, तो बहुधा तिथला ट्रेडमार्क अॅटर्नी देतो.

प्रश्न: आमचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर 'रजिस्टर'मध्ये नाव टाकण्यासाठी हजारभर डॉलर भरा असं शिक्का-बिक्का असलेलं पत्र आलंय. शिवाय चीनमधून मेल आलाय की तुमचं नाव दुसरी कंपनी घेतेय, तातडीने उत्तर द्या. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: दोन्हीला पैसे देऊ नका. अर्ज प्रसिद्ध झाला की तुमचा पत्ता सगळ्यांना दिसतो आणि मग अशी पत्रं येतात, वायपो आणि यूएसपीटीओ दोघांनीही याबद्दल जाहीर इशारे दिलेत. यूएसपीटीओचा मेल यूएसपीटीओ डॉट जीओव्ही वरूनच येतो आणि ते फोन करून पैसे मागत नाहीत. कुठलंही बिल आलं की ते आधी वकिलाला फॉरवर्ड करा. चीनचा मेल बहुतेक वेळा डोमेन विकणाऱ्यांचा असतो, उत्तर देऊ नका. पण तुमचा माल चीनमध्ये बनत असेल किंवा तिकडे जात असेल तर मात्र तिथल्या एजंटकडून खरा शोध घ्या, कारण चीनमध्ये जो आधी अर्ज करतो त्याचं पारडं जड असतं, आधी वापर कोणी केला याला फारशी किंमत नाही.

प्रश्न: भारतात नोंदणी आहे म्हणून पाकिटावर नावाशेजारी गोलातला आर छापतो. तीच पाकिटं परदेशात गेली तर चालतं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: जिथे नोंदणी नाही त्या देशात ते चिन्ह खोटा दावा ठरू शकतं, यूकेत तर तो गुन्हा आहे. काही वितरक मुद्दाम तसलीच पाकिटं मागतात, 'इथे भारी दिसतं' म्हणून, त्यांचं ऐकू नका, नोटीस आली तर ती उत्पादकाला येते. निर्यातीच्या पाकिटांची प्लेट वेगळी करा, नोंदणी मिळेपर्यंत साधं टीएम टाका, आणि आधी छापलेला साठा असेल तर तो इथल्या बाजारात संपवा.